तंगाखालचा भोवरा

आमच्या घरात घोड्यानं कुणाला धड सोडलेलं न्हाय. आजा लाथ बसून गेला. चुलता बिथरलेल्या घोड्याखाली सापडला आणि पुढं मरेपर्यंत कुबडीवर चालला. अब्बांचा खुबा मोडून वाकडाच जुळलेला, एकदा बसले की उठवायला दोन माणसं लागायची. आणि एवढं होऊनसुद्धा सकाळी डोळे उघडले की अब्बांचा पहिला सवाल काय, तर "घोडीनं चंदी खाल्ली का?" घरातल्यांनी खाल्लं का, हे कुणी विचारायचं? राहिला होता एक हनीफ, माझा धाकटा भाऊ. त्याचे हातपाय शाबूत होते आणि ते तसेच राहावेत, एवढंच माझं मागणं होतं. दुसरं काही मागितलं असंल तर जीभ झडो माझी.

मी हमिदाबी. सासर माकणीचं. नवरा वारला तशी नळदुर्गाला बापाच्या घरी परत आले. अम्मा आधीच गेलेली, हनीफ लहान. त्याला न्हाऊ-खाऊ घातलं, ताप आला तर मांडीवर घेऊन बसले, मार द्यायचा तो बी म्याच दिला. मला तो आपा म्हणायचा, पण आई म्हणूनच चिकटायचा.

अब्बांचं नाव वजीर. जहागीरदाराच्या पागेत ते चाबूकस्वार होते. म्हणजे नवं, अंगावर माशी बसू न देणारं घोडं घ्यायचं आणि ते स्वाराखाली चालायला शिकवायचं. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जहागिरी गेल्या, जहागीरदारसाहेब गाशा गुंडाळून हैदराबादला गेले आणि किल्ल्याखालच्या मैदानात पागेचा लिलाव झाला. चांगली चांगली घोडी सोलापूरच्या टांगेवाल्यांनी नेली. अब्बा दिवसभर तिथं उभे होते. घरी आले तेव्हा जेवले न्हायत, पण त्यांच्या मागं दोरीला बांधलेली एक वर्षाची वछेरी होती.

तिच्यावर कुणी बोलीच लावली नव्हती. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, तुमी बघितले असतील. कपाळावरचा चांगला, गळ्याखालचा त्याहून चांगला. पण पुढच्या पायांच्या मागं, पोटाला जिथं खोगिराचा पट्टा आवळतात, त्याला तंग म्हणतात, तिथं भोवरा असला की झालं. त्याचं नावच तंगतोड. तंग तुटणार, स्वार मरणार. हिंदू बघा, मुसलमान बघा, घोडं घेताना आधी वाकून पोटाखाली बघणार. ह्या वछेरीच्या पोटाखाली रुपयाएवढा भोवरा. लिलावाचा कारकून म्हणाला, "वजीर, न्यायची तर ने, न्हायतर सोडून देतो माळावर."

अब्बांनी ती आणली आणि तिचं नाव ठेवलं मखमल. लोक दारावरून जाताना हसायचे. अब्बा म्हणायचे, "भोवरा केसात असतो रे, रक्तात न्हाय. हिचं रक्त बघा." मग सुरू व्हायचे. तिची आई कुठली, आईचा बाप कुठल्या सरदारानं बसऱ्याहून आणलेला, आजी भीमेच्या काठची, किती काटक, कशी दिवसभर उपाशी चालायची. माझ्या अब्बांना स्वतःच्या आजीचं नाव सांगता यायचं न्हाय, पण ह्या घोडीच्या सात पिढ्या तोंडपाठ. म्या एकदा म्हणलं बी, "अब्बा, हनीफची सोयरीक बघताना एवढी चौकशी करा म्हणजे झालं." ते हसले. तेव्हा ते हसायचे.

मखमल मोठी झाली तशी तिला टांग्याला जुंपली. खायला घालायचं तर कमावून आणायला नको? हनीफ टांगा हाकायचा. नळदुर्गातून सोलापूर-हैदराबादची सडक जाते, तिच्यावर ट्रका वाढल्या, एस. टी. आली, आणि टांग्यात बसायला म्हातारे आणि बाळंतिणीच उरल्या. संध्याकाळी टांगा सुटला की हनीफ घोडी घेऊन बोरी नदीच्या पलीकडं माळावर जायचा. पाठीवर पोतं टाकून तिला मोकळी सोडायचा. मी घाटावर धुणं घेऊन गेले की दिसायचे दोघं. बघू नये असं ठरवलेलं असायचं माझं. तरी बघायचे. डोळे हटायचेच न्हायत, आता ह्याला काय म्हणावं?

पण मी नुसती बघत बसले न्हाय. सडकेवरच्या ढाब्याला शिवप्पा नावाचा ड्रायव्हर यायचा, त्याची ट्रक सोलापूर-हैदराबाद फिरायची. भला माणूस. त्याला भाकरी-कालवण बांधून देता देता म्या गोष्ट काढली. हनीफला क्लीनर म्हणून घे, हाताखाली शिकव, ड्रायव्हर कर. शिवप्पा म्हणाला, "पाठव की आक्का. पोरगं चलाख हाय." हनीफला बी हुरूप आला. त्याला काय, पळणारं काही बी चालायचं. फक्त एवढं म्हणाला, "आपा, जत्रेची शर्यत होऊ दे. मग जातो. अब्बांना सबूद दिलाय." तिथं माझं नशीब अडकलं.

शर्यतीची भानगड अशी. पौषात खंडोबाची जत्रा भरते आमच्याकडं, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी माळावर घोडी पळवायचे. तेरचा उत्तरेश्वर म्हणून बडा शेतकरी होता. पागेच्या लिलावात बादल नावाचा नर त्यानं घेतला होता. म्हणजे पागेतलं चांगलं रक्त दोनच ठिकाणी शिल्लक, तेरला बादल आणि आमच्या दारात मखमल. बाकीची सोलापुरात टांगे ओढून ओढून मेली. अब्बांच्या डोक्यात एकच किडा, मखमलला बादल दाखवायचा. मखमलच्या पोटी बादलचं शिंगरू आलं की पागा मेली न्हाय, असं त्यांना वाटायचं. त्यासाठी तेरला एस. टी.नं दोन वेळा जाऊन आले, तसल्या मोडक्या खुब्यानं.

उत्तरेश्वर माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, "वजीरचाचा, तुमच्या घोडीला तंगतोड. माझा घोडा तिच्यावर घातला तर चार गावचे लोक मला हसतील. आणि शिंगराला भोवरा आला तर कोण हात लावील त्याला? तुमी असं करा. जत्रेत पळवा. पहिली आली तर लोकांची तोंडं बंद होतील. मग घोडा तुमचा समजा."

झालं. अब्बा घरी आले ते विशीतला गडी असल्यासारखे. मला म्हणाले, "बेटी, हनीफ पळवील. घोड्यावर हनीफसारखी मांड आज जिल्ह्यात कुणाची न्हाय." मी भाकरी तव्यावर तशीच टाकून उठले. म्हणलं, "अब्बा, आजा गेला, चाचा गेला, तुमचा खुबा गेला. अजून काय द्यायचं राहिलंय घोड्याला?" अब्बा शांतपणे म्हणाले, "ज्याला त्याची गोडी कळली न्हाय त्याला सांगून काय उपयोग." मला इतका राग आला की त्या दिवशी म्या भाकरी करपवूनच वाढली.

तरी मला वाटत होतं शर्यत मोडंल. कारण बाकीचे घोडेवाले अडून बसले. तंगतोड घोडी शेजारी पळाली तर आमच्या स्वारांवर बला येईल, म्हणे. पंचांत ईरण्णा मोठा. त्याच्या शब्दाबाहेर कुणी न्हाय. तो घरी आला, मखमलच्या पोटाखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "वजीरभाई, भोवऱ्यावर डाग द्या. भोवरा जळाला की दोष मोडतो, तशी रीतच हाय. डाग देऊन आणा, मग पळवा. न्हायतर न्हाय."

डाग म्हणजे तापलेल्या लोखंडानं कातडं जाळायचं. ढोरांना देतात, घोड्यांना देतात, आमच्याकडं कावीळ झालेल्या माणसाला बी देतात. ईरण्णा गेला तशी मी अब्बांपुढं जाऊन बसले.

"अब्बा, तुमीच म्हणता ना, भोवऱ्यात काही नसतं?"

"नसतंच."

"मग जाळायचं काय?"

"लोकांसाठी."

"लोकांसाठी जितं कातडं जाळायचं? ते बी तंगाच्या जाग्यावर?"

"जत्रेपर्यंत भरून येतंय," अब्बा म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले. त्यांना कळत नव्हतं असं न्हाय. जन्म घोड्यांत गेलेला माणूस. त्यांना सगळं कळत होतं.

डाग भर दुपारी अंगणात दिला. शेणकुटांच्या विस्तवात विळा लाल केला. हनीफनं मखमलच्या वरच्या ओठाला दोरीचा पिळा घातला, तिचं डोकं छातीशी धरलं, तिच्या कानात काय काय बोलत राहिला. अब्बा बसून सरकत सरकत तिच्या पोटाखाली गेले. विळा भोवऱ्यावर टेकवला. चर्र झालं. केस जळल्याचा वास आला, मग मांस जळल्याचा. मखमल ओरडली न्हाय. तिनं फक्त श्वास धरला, पोट टम्म फुगवलं आणि तशीच उभी राहिली. हनीफच्या सदऱ्याचा पुढचा भाग तिच्या लाळेनं भिजून गेला. हळद-तेल लावताना मी तिच्या डोळ्यांकडं बघितलं न्हाय. मला त्या घोडीचं प्रेम कधीच नव्हतं, पण त्या दिवशी आमच्या सगळ्यांची लाज वाटली.

जखम भरली. भोवरा गेला, त्या जागी बिनकेसांचं गुलाबी कातडं आलं, पातळ. टांग्याला जुंपताना काही तक्रार नव्हती, त्या पट्ट्याला एवढं आवळायचं नसतंच. पण खोगीर घालून हनीफ तंग आवळायला लागला की मखमल लगेच श्वास धरायची आणि पोट फुगवायची, डाग देताना धरला होता तसाच. हनीफ मला दाखवायचा. "बघ आपा, आता तंग किती घट्ट हाय. बोट बी जात न्हाय." मग तिला अंगणात फिरवायचा. चार पावलं चालली की ती श्वास सोडायची, पोट आत जायचं, आणि तंगात त्याचा अख्खा हात जायचा. मग तंग दुसऱ्यांदा आवळावा लागायचा. त्याला मात्र ती तयार नसायची. दात काढायची, लाथ झाडायची, कधी खालीच बसायला बघायची. तिला वाटत असंल, परत विळा आला.

हनीफला जमायचं ते. गोंजारत, बोलत, चुचकारत तो दुसऱ्यांदा तंग आवळायचाच. फक्त वेळ लागायचा. अब्बा ओट्यावर बसून हे सगळं बघायचे. म्या म्हणलं, "अब्बा, अजून दुखतंय तिला. औंदा राहू द्या. पुढच्या वर्षी पळवा." ते म्हणाले, "उत्तरेश्वर पुढच्या वर्षी घोडा ठेवंल का विकंल, कुणी सांगितलंय?" शिवप्पाची गाडी जत्रेनंतर दोन-चार दिवसांत येणार होती. मी दिवस ढकलत होते.

शर्यतीच्या दिवशी मी पाण्याची कळशी घेऊन माळावर गेले. बायका लांब नदीच्या अंगाला उभ्या होत्या, पण मी घोड्यांपाशीच गेले. हनीफला पाणी पाजायला नको का, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला तंग बघायचा होता. पाच-सहा घोडी होती. उत्तरेश्वर पांढरा फेटा बांधून पंचांच्या शेजारी बसला होता. लांब एक बाभूळ होती, तिला वळसा घालून परत यायचं, असा पल्ला.

हनीफनं खोगीर घातलं, तंग आवळला, मखमलला गोल फिरवून आणली. तिनं श्वास सोडला. तो खाली वाकला, दुसऱ्यांदा तंग ओढायला. मखमलनं कान मागं टाकले आणि त्याच्या खांद्यावर तोंड मारलं. सदरा फाटला. बाजूचे घोडेवाले वळून बघायला लागले. ईरण्णा उठून उभा राहिला.

अब्बा काठी टेकत माझ्या शेजारीच उभे होते. हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे."

हनीफ म्हणाला, "अब्बा, ढिला हाय."

"राहू दे म्हणलं ना. ईरण्णा बघाय लागलाय. डाग अजून दुखतोय असं दिसलं तर घोडी बाहेर काढतील. मांड्या आवळून बस. शिकवलंय ना तुला."

म्या हनीफची बाही धरली. "बसू नको. सांगून ठेवते, बसू नको हिच्यावर."

"हमिदा, गप," अब्बा म्हणाले.

हनीफनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अब्बांकडं. कुणाचं ऐकावं हे त्याला खरंच कळत नव्हतं, माझी शपथ. मग तो हसला. "आपा, एवढं होऊ दे. मग हायच की शिवप्पाची गाडी." माझी बोटं एक एक करून सोडवली आणि चढला.

झेंडा पडला. आता जे सांगते ते ऐकून तुमी मला काय बी म्हणा. घोडी सुटली तशी मी सगळं विसरले. तंग विसरले, डाग विसरले. मखमल सगळ्यांच्या पुढं होती. माळावर धूळ, आणि धुळीच्या पुढं माझा भाऊ, तिच्या मानेवर वाकलेला. ती पळत नव्हतीच, जमीनच तिच्याखालून मागं चालली होती. माझ्या अंगावर काटा आला. गळ्यातून काय आवाज निघाला ते माझं मला कळलं न्हाय. अब्बांनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्या घडीला मला कळलं, आजा कशासाठी मेला आणि अब्बा मोडक्या खुब्यानं तेरला का जातात. इतकी सुखी मी लग्नाच्या दिवशी बी नव्हते.

बाभळीला वळताना खोगीर फिरलं.

लांबून एवढंच दिसलं की स्वार एका अंगाला कलला. मग घोडी वळसा घालून आमच्याकडं यायला लागली, आणि तिच्या पाठीवर कुणी नव्हतं. खोगीर पोटाखाली गेलं होतं. हनीफचा पाय रिकिबीत अडकलेला. त्या माळावर दगडाशिवाय काही उगवत न्हाय. मखमल थांबली न्हाय, तिला काय कळणार, तिच्या पोटाला काहीतरी लोंबत होतं आणि ती त्याला भिऊन आणखी जोरात पळत होती.

मखमल पहिली आली.

मी त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा लोकांनी घोडी धरली होती. कुणीतरी रिकिबीतनं पाय काढला. हनीफचा चेहरा म्या ओढणीनं झाकला, कारण तो चेहरा राहिलाच नव्हता. मग मी उठले आणि घोडीच्या पोटाखाली गेले. लोकांना वाटलं मला वेड लागलं. म्या तंगाचं बक्कल सोडलं. बक्कल जिथल्या तिथं होतं. पट्टा धड होता, एक शिवण उसवली नव्हती. तो म्या गुंडाळून पदराखाली घेतला. का घेतला, तेव्हा सांगता आलं नसतं.

मागं लोक बोलत होते. "तंग तुटला. तंगतोडच ती. डाग देऊन कुठं दोष जातोय?" ईरण्णा मान हलवत होता. आणि अब्बा खाली बसले होते, हनीफचा हात हातात घेऊन, आणि तेच म्हणत होते. "तुटला. तंग तुटला."

जन्मभर ज्यांनी भोवऱ्याला थोतांड म्हणलं, ते माझे अब्बा. मला आधी वाटलं, पोरगा गेला, भान गेलं. पण ते पुढं बी तेच सांगत राहिले. दफन करून आले तेव्हा तेच, तिसऱ्या दिवशी जियारतीला लोक जमले तेव्हा बी तेच. येईल त्याला, "तंगतोड होता, म्या ऐकलं न्हाय लोकांचं." लोक हळहळायचे, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. भोवऱ्यानं मारलं म्हणलं की विळा कुणी तापवला हे विचारायला नको, आणि "राहू दे" कोण म्हणालं, हे बी विचारायला नको. माझ्याकडं ते बघतच नव्हते. मी तिथं होते ना, ऐकायला.

शिवप्पाची गाडी आली ती त्याच आठवड्यात. ढाब्यावर उभी करून तो घरापर्यंत चालत आला. हनीफसाठी हैदराबादहून खाकी सदरा आणला होता, क्लीनर घालतात तसला. दारातली माणसं बघून त्याला कळलं. सदरा माझ्या हातात देऊन तो उंबऱ्यावर बसला आणि पोरासारखा रडला. त्या सगळ्या दिवसांत माझ्या घरी खरं रडणारा तो एकच.

चाळीसाव्याला उत्तरेश्वर आला. तेरहून आला, पाहुणचार घेतला न्हाय, अंगणात अब्बांसमोर खाली जमिनीवर बसला. मी दाराआड होते. उत्तरेश्वर म्हणाला, "चाचा, माझ्या जिवाला लागलंय. अट म्या घातली होती. काय लागंल ते सांगा, न्हाय म्हणणार न्हाय."

अब्बांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, रडतील. मला वाटलं, त्याला घालवून देतील, त्याच्या तोंडावर थुंकतील. निदान काही नको म्हणतील.

अब्बा म्हणाले, "मखमल पहिली आली होती, उत्तरेश्वरराव."

उत्तरेश्वरला आधी कळलंच न्हाय. कळलं तेव्हा त्याची मान खाली गेली. "चाचा," तो म्हणाला, "त्याच घोडीला?"

"सबूद दिला होता तुमी."

चैतात बादल आला. मी त्या दिवशी घरात थांबले न्हाय, नदीवर जाऊन बसले. संध्याकाळी परतले तर अब्बा मखमलला खरारा करत होते. ज्या घोडीनं पोरगा खाल्ला असं गावाला सांगायचं, तिलाच हातानं गूळ चारायचा. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. भाकरी वाढायची, पाणी ठेवायचं, बस्स. त्यांच्या ते ध्यानात आलं असंल असं मला वाटत न्हाय. मखमल गाभण राहिली होती. घरात दुसरं काही घडतच नव्हतं त्यांच्या लेखी.

फाल्गुनात एका सकाळी मी उठून बाहेर आले तर मखमलच्या पायाशी वछेरी. ओली, काळीभोर, लांब लांब पायांची, उभं राहायला धडपडत होती. अब्बा माझ्याआधीच तिथं पोचले होते, काठी लांब पडली होती, गुडघ्यावर सरकत गेले होते. वछेरीचं तोंड बघितलं न्हाय, पाय बघितले न्हाय. तिला कुशीवर घेतलं आणि पुढच्या पायांच्या मागं, पोटाखाली, बोटांनी चाचपायला लागले. उलट्या केसांतून, सुलट्या केसांतून. मग वर बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"साफ हाय," म्हणाले. "हमिदा, साफ हाय. काही न्हाय."

बातमी पसरायला काय वेळ? उत्तरेश्वर साखर घेऊन आला. ईरण्णा आला, वाकून पोटाखाली बघितलं आणि म्हणाला, "दोष संपला बघा वजीरभाई. जे व्हायचं ते होऊन गेलं." अंगण माणसांनी भरलं. हीच माणसं हनीफला उचलायला होती. आता वछेरीचे पाय मोजत होती, छाती बघत होती. कुणीतरी म्हणालं, तीन वर्षांनी ही जत्रेत उतरली की बाकीच्यांनी घरी बसावं. कुणीतरी विचारलं, पण स्वार?

"स्वार मी तयार करतो," अब्बा म्हणाले. "मांड शिकवायला माझ्यापाशी या म्हणावं. हनीफची मांड बघितली होती ना तुमी?"

मी घरात गेले. तंग म्या धान्याच्या उतरंडीमागं ठेवला होता. वर्षभर त्याला हात लावला नव्हता. रक्ताचा डाग वाळून काळा पडलेला. बाहेर आले आणि सगळ्यांच्या मधी, अब्बांच्या पुढ्यात तो टाकला.

"हा त्या दिवशीचा तंग," म्या म्हणलं. "घोडीच्या पोटावरनं म्या सोडलेला. बघा सगळ्यांनी. कुठं तुटलाय?"

ईरण्णानं तंग उचलला, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून काढला आणि खाली ठेवला. उत्तरेश्वर अब्बांकडं बघत होता. मी बी बघत होते. म्हणलं, आता तरी बोला. एवढंच म्हणा, "ढिला होता. त्यानं सांगितलं होतं." पोराच्या नावानं एवढं खरं बोला, मी तुमचे पाय धरते, तुमच्याशी परत बोलते, मरेपर्यंत तुमची घोडी बी सांभाळते.

अब्बांनी तंग मांडीवर घेतला. वरनं हात फिरवला. वाळलेल्या डागावर अंगठा ठेवला आणि तिथंच ठेवून राहिले. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आलं आता तोंडातून.

"चामडं जुन्या पागेतलं," अब्बा म्हणाले. "असं आता मिळत न्हाय."

मग त्यांनी आईनं पदरानं पुसावं तसा उपरण्यानं तो पुसला, सरकत वछेरीपाशी गेले, आणि तिच्या कोवळ्या पोटाला तंग लावून माप बघायला लागले.